पोटात बलून घालायचाय? आधी काढायची तारीख ठरवा

वजन उतरवण्यासाठी माझ्या पोटात सहा महिने एक सिलिकॉनचा फुगा होता आणि त्यात साडेपाचशे मिलिलिटर निळं पाणी. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत ही बातमी फिरायला दोन दिवसही लागले नाहीत. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, ऐरोलीच्या ऑफिसात, एवढंच काय भाच्याच्या मुंजीतसुद्धा लोक मला कोपऱ्यात घेऊन तेच चार प्रश्न विचारतात. दुखतं का? किती उतरलं? खर्च किती? फुटला तर? पाचवा प्रश्न, म्हणजे काढतात कधी आणि काढल्यावर काय, हा कुणीच विचारत नाही. मीही विचारला नव्हता, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, वीस वर्षं हिशेब लिहिणारी बाई आहे. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टर सांगतील तेच. मी सांगते ते कसं वागायचं, काय विचारायचं आणि कुठे पाय घसरतो.

१. बलून करतो काय, ते आधी समजून घ्या

ऑपरेशन नाही, टाका नाही, पोटावर खूण नाही. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालतात, रिकामा बलून जठरात सोडतात आणि नळीतून त्यात सलाइन भरतात, साधारण ४०० ते ७०० मिलिलिटर. जठरातली जागा अडते, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, आणि दीड पोळीतच पोट भरल्यासारखं होतं. बस्स, एवढंच. बलून चरबी वितळवत नाही, साखर शोषत नाही, गोड खायची इच्छा मारत नाही.

पाणी निळं का, तर त्यात मिथिलीन ब्लू नावाचा रंग घालतात. बलून गळला तर तो रंग रक्तात जाऊन लघवी हिरवी-निळी होते, म्हणजे आपल्याला लगेच कळतं. ही युक्ती अनुभवातून आलेली आहे. अमेरिकेत १९८५ साली पहिला बलून बाजारात आला तो हवेने भरलेला, नळकांड्याच्या आकाराचा होता. त्याच्या कडा जठराला घासायच्या, अल्सर व्हायचे, हवा गेली की तो आतड्यात जाऊन अडकायचा. काही वर्षांतच तो मागे घेतला. आताचे बलून गुळगुळीत गोल आणि बहुतेक पाण्याने भरलेले असतात ते त्यामुळेच.

किती उतरतं? सहा महिन्यांत सरासरी आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. माझं ८६ होतं, म्हणजे साडेआठ ते तेरा किलोची आशा धरायची. ‘महिन्यात पंधरा किलो’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा. आणि त्यातलंही बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच उतरतं. नंतर जठर बलूनला सरावतं.

२. आपण त्यात बसतो का?

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढा. वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले उंची. माझी उंची १.५७, वजन ८६, उत्तर ३४.९. आपल्याकडच्या लोकांसाठी २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटावर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. कमरेचा घेरही मोजा, बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेघ आहे. बलूनसाठी अमेरिकेतली मूळ मर्यादा बीएमआय ३० ते ४० अशी आहे. आपल्याकडे त्याहून थोडं खालीही घालतात. लग्नाआधी पाच किलो उतरवायला मात्र हे साधन नाही.

पुढच्यांपैकी काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका: पूर्वी जठराचं किंवा वजनाचं ऑपरेशन झालेलं असणं, मोठा हायेटस हर्निया (जठराचा भाग छातीकडे सरकणं), चालू अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यकृताचा गंभीर आजार, दारूचं व्यसन, खाण्याशी निगडित मानसिक आजार, गरोदरपण किंवा त्याचा विचार. एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यातल्या उलट्यांमध्ये गर्भनिरोधक गोळी टिकत नाही, तेव्हा दुसरी काळजी घ्या.

‘मग इंजेक्शन का नाही घेतलंस?’ हाही प्रश्न आता येतो. वजन उतरवायच्या इंजेक्शनांपैकी माउंजारो २०२५च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आलं, आणि चर्चा तिकडे वळली. तो पर्याय डॉक्टरांसमोर जरूर मांडा. बीएमआय जास्त असेल आणि सोबत अनियंत्रित मधुमेह असेल तर ऑपरेशनचीही माहिती घ्या, कारण त्याचा परिणाम बलूनपेक्षा कितीतरी जास्त आणि टिकाऊ असतो. मला ऑपरेशनची भीती वाटली, एवढंच माझं कारण होतं. ते फार शहाणपणाचं कारण नव्हतं. एक लक्षात ठेवा, अशी इंजेक्शनं चालू असतील तर ती जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असलंच पाहिजे.

३. बलूनचे प्रकार

थोडक्यात तीन. सहा महिन्यांचा, दुर्बिणीने घालायचा आणि दुर्बिणीनेच काढायचा, माझा हाच. वर्षभर ठेवायचे, त्यातल्या काहींचं पाणी मधे कमी-जास्त करता येतं. आणि गिळायचा: कॅप्सूल गिळायची, तिला जोडलेल्या बारीक नळीतून पाणी भरायचं, एक्स-रेने जागा तपासायची आणि नळी ओढून काढायची. भूल नाही, दुर्बीण नाही. साधारण सोळा आठवड्यांनी त्याची झडप उघडते, पाणी निघून जातं आणि उरलेली पिशवी शौचावाटे पडते. ऐकायला हा सगळ्यात सोपा. पण क्वचित पिशवी आतड्यात अडकून ऑपरेशन करावं लागतं, आणि तो चारच महिन्यांचा. ‘गिळायचा आहे, म्हणजे धोका नाही’ हे ऐकून भुलू नका.

४. कॅलेंडर उघडा आणि उलटं मोजा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मी एप्रिलच्या मध्यावर बलून घातला, कारण मार्चअखेरची धावपळ संपली होती आणि मुलीला सुट्टी लागणार होती. घरच्या सोयीने अगदी बरोबर. पण पहिल्या आठवड्यात उलट्या, आणि बाहेर ठाण्याचा एप्रिल. अंगातलं पाणी कसं आटतं ते मी बघितलं. मग आंब्याचा मोसम. आणि सहा महिने मोजले तर ऑक्टोबरचा मध्य. बलून काढला आणि दहाव्या दिवशी दिवाळी! सहा महिने दाबलेली भूक परत आलेली आणि डब्यांत चकल्या, शंकरपाळी, बेसनाचे लाडू. पहिल्या तीन आठवड्यांत दोन किलो परत आले.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की घाला. थंडी असते. जुलैच्या मध्यावर निघतो, पुढे श्रावण, आणि गणपतीतल्या मोदकांपर्यंत नव्या सवयीला जरा वेळ मिळतो. मधली गटारी तुमची तुम्ही सांभाळा.

आणखी दोन गोष्टी कॅलेंडरवर हव्यात. घातल्यानंतर निदान पाच दिवस रजा, आठवडा मिळाला तर उत्तम. मी चौथ्या दिवशी शूरपणा करून ठाणे स्टेशनच्या नऊ नंबरवरून ऐरोलीची गाडी पकडली. पुढचंच स्टेशन दिघा गाव. तिथेच उतरून खांबाला धरून उभी राहिले, आणि एका अनोळखी मावशींनी पाठ चोळली. दुसरी गोष्ट, काढायच्या तारखेच्या आसपास परगावी लग्न, यात्रा, परदेशवारी काही ठेवू नका. मुदत उलटलेला बलून पोटात ठेवणं म्हणजे तो गळण्याची आणि खाली सरकण्याची वाट बघणं. ‘अजून उतरतंय, महिनाभर राहू दे’ हा मोह चौथ्या-पाचव्या महिन्यात हटकून होतो.

५. हॉस्पिटल आणि पैसे

मी ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळून तीन ठिकाणी चौकशी केली. आकडे दीड लाख ते पावणेतीन लाख असे आले. इतका फरक का, हे शोधताना माझ्यातली अकाउंटंट जागी झाली, पण पुरती नाही. ‘सगळं पॅकेजमध्ये आहे मॅडम’ या वाक्यावर मी सही केली. पाचव्या महिन्यात फोन केला तेव्हा कळलं की ‘सगळं’ म्हणजे घालण्याचं सगळं. काढायची दुर्बीण, भूलतज्ज्ञ आणि खोलीचं भाडं वेगळं. भांडून उपयोग नव्हता, काढण्याचा खर्च धरलाय असं कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून पुढचे प्रश्न तोंडी नको, ईमेलवर किंवा लेटरहेडवर:

- काढण्याचा पूर्ण खर्च धरला आहे का? भूलतज्ज्ञासह?
- पहिल्या आठवड्यात सलाइन लावायला भरती व्हावं लागलं तर ते बिल कुणाचं?
- बलून सहनच झाला नाही आणि लवकर काढावा लागला तर?
- आहारतज्ज्ञाच्या किती भेटी, आणि काढल्यानंतरच्या त्यात आहेत का?
- रात्री दोन वाजता त्रास झाला तर कोणत्या नंबरवर, आणि उचलणार कोण?

शेवटचा प्रश्न विचारून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. एका ठिकाणी मला ‘तशी वेळ येत नाही’ असं उत्तर मिळालं. मी तिथून निघाले.

डॉक्टर पोटविकारतज्ज्ञ किंवा वजनाची ऑपरेशनं करणारे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जन हवेत, आणि असे बलून त्यांनी स्वतः नियमित घातलेले नि काढलेले असावेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत त्यांची नोंदणी बघता येते. ब्युटी क्लिनिकच्या ‘काउन्सेलर’शी बोलून पैसे भरू नका. दिवसातून तीनदा फोन, ‘ऑफर शनिवारपर्यंतच’, वर बिनव्याजी हप्ते. साडीचा सेल आणि हे यात फरक आहे.

विमा? आशा ठेवू नका. आपल्याकडच्या पॉलिसींत लठ्ठपणाच्या उपचारासाठी एक ठरलेलं वगळणूक-कलम असतं, कोड एक्सक्लूजन ०६. त्यात फक्त ऑपरेशनला, तेही बीएमआय ४० किंवा जास्त, नाही तर ३५ किंवा जास्त आणि सोबत अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकायचा आजार म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असं काही असेल, तरच वाट मोकळी आहे. बलून ऑपरेशन नाही, त्यामुळे खिशातून भरायची तयारी ठेवा आणि तरीही एकदा टीपीएला (विमा कंपनीसाठी दावे बघणारी संस्था) लेखी विचारून घ्या.

६. तपासण्या आणि फाइल

रक्ताच्या तपासण्या (हिमोग्लोबिन, साखर आणि एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची), ईसीजी, पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफीचा हट्ट धरा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, आधीच असतील तर आधीच कळलेले बरे. एच. पायलोरी या जठरात अल्सर करणाऱ्या जंतूची तपासणीही बहुतेक डॉक्टर करतात. जठर आतून बघितल्याशिवाय बलून ठेवू नये. माझ्या वेळी घालायच्या दिवशी आधी नुसती दुर्बीण टाकून पाहिलं, मगच बलून उघडला.

एक साधी प्लास्टिकची फाइल करा. त्यात:

- आधार आणि पॅनच्या प्रती, विमा कार्ड
- जुने रिपोर्ट, आधीच्या ऑपरेशनची कागदपत्रं
- चालू औषधांची यादी, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णांसकट
- अ‍ॅलर्जीची नोंद
- सही केलेल्या संमतिपत्राची प्रत (मागून घ्यावी लागते)
- पॅकेजचं लेखी उत्तर
- बलूनच्या खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो

स्टिकर का? सहाव्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या गावी असलात आणि तिथल्या डॉक्टरांना बलून काढावा लागला, तर आत कुठला आणि किती पाण्याचा आहे हे त्यांना कळायला हवं. माझा स्टिकर मी डिस्चार्ज कार्डाच्या मागे चिकटवला आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवला.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर बलूनआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटाच. खाणं अचानक चौथ्या हिश्श्यावर येतं आणि गोळी तीच राहिली तर साखर धाडकन खाली जाते. आणि गुडघे दुखतात म्हणून घरात ठेवलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या सहा महिने बंद. बलून आणि त्या गोळ्या मिळून अल्सर करतात.

७. घालायचा दिवस

यात सांगण्यासारखं फार नाही. सांगतील तितके तास उपाशी जायचं, सोबत माणूस हवा, दागिने नि नेलपॉलिश घरी. मला ‘आता झोप येईल’ म्हणाले आणि पुढचं आठवतं ते थेट रिकव्हरीत. अर्धा तासही लागला नाही. घसा खवखवत होता, बाकी काही नाही. नवऱ्याला म्हटलं, ‘अहो, एवढंच?’ एवढंच नव्हतं.

८. पहिले पाच दिवस

दोन तासांनी सुरू झालं. जठराला वाटतं काहीतरी मोठं अडकलंय, बाहेर फेकायला हवं. ते कळा काढतं, ढवळतं, उलटी काढतं. पोटात काही नसतं, त्यामुळे फेस आणि पित्त येतं. दुसरी रात्र सगळ्यात वाईट होती. पलंगाजवळ निळा टब, उशाला तीन उशा, आणि सासूबाई चहाच्या चमच्याने पाणी पाजत होत्या. एक चमचा, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाच मिनिटं थांबायचं, मग पुढचा. त्यांनी न विचारता ही पद्धत शोधली होती आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नेमकी तीच सांगितली. एका दमात अर्धा ग्लास प्यायला की पाऊण ग्लास बाहेर.

तयारी काय हवी? उलटीवरच्या गोळ्या, शक्यतो जिभेवर विरघळणाऱ्या. कळा थांबवायचं औषध. आम्लपित्ताची गोळी, जी बलून आहे तोवर रोज. ओआरएस, शहाळं, टब, जुने टॉवेल, आणि एक वही. वहीत लघवीची वेळ लिहायची, हसू नका. सहा-सात तास लघवीच झाली नाही किंवा अगदी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलंय, हॉस्पिटलला फोन. मला तिसऱ्या दिवशी दोन बाटल्या सलाइन लावावं लागलं.

दर वेळी कुणीतरी सांगेल, ‘लिंबू-सोडा घे, ढेकर येईल.’ अजिबात नको. गॅसचं काहीही सहा महिने बंद. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालच, ‘काढून टाका हे.’ मी म्हटलं होतं. बहुतेकांचं चौथ्या-पाचव्या दिवशी ओसरतं. थोड्या लोकांचं ओसरत नाही आणि बलून लवकर काढावा लागतो. त्यात तुमची हार नाही, काही जठरं ऐकतच नाहीत. पण आठवडा उलटूनही उलट्या चालूच असतील तर घरी सहन करत बसू नका. शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि ते थेट नसांवर येतं.

९. जेवण: पेजेपासून पोळीपर्यंत

हॉस्पिटलने दिलेल्या छापील कागदावर ब्रोकोली सूप आणि ग्रीक योगर्ट होतं. आमच्या स्वयंपाकघरात ते असं झालं.

पहिला आठवडा, सगळं पातळ आणि गाळलेलं: भाताची पेज, वरणाचं पाणी, मुगाचं कढण, पातळ गोडं ताक, शहाळं. डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर. दुसरा आठवडा, चमच्याने घ्यायचं पण चावायला न लागणारं: घोटलेलं वरण, नाचणीची आंबील, दुधीची घोटलेली भाजी, दही. तिसरा, मऊ: मेतकूट-भात, मुगाची पातळ खिचडी, मऊ पनीर, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, माशाचा मऊ तुकडा. चौथ्यापासून हळूहळू नेहमीचं.

कशाने अडकतं? साबुदाण्याची खिचडी, ताजी मऊ पोळी (हो, मऊच, तिचा गोळा होतो), पाव, चिकट भात, सुके पोहे, कडक भाकरीचा मोठा घास. पोळी वरणात कुस्करून खाल्ली तर जाते. दुसऱ्या महिन्यात मी शहाणपणाने एकादशी केली, चार चमचे साबुदाणा खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत छातीत दगड घेऊन फिरले. उपास करायचाच तर राजगिऱ्याची पातळ लापशी किंवा वरीची पेज.

आता खरा सापळा. जे घट्ट आहे ते बलून अडवतो. जे पातळ आहे ते त्याच्या बाजूने सरळ घसरतं. आमरस, मिल्कशेक, आइस्क्रीम, उसाचा रस, श्रीखंड, साखरेचा चहा यांना बलून दिसतसुद्धा नाही. मे महिन्यात माझं वजन तीन आठवडे जागचं हललं नाही. आहारतज्ज्ञाने विचारलं, ‘काय खाता?’ मी खरंच सांगितलं, ‘काहीच नाही, दोन वाट्या रस फक्त.’ तिने पेन खाली ठेवलं.

आधी प्रथिनं (डाळ, अंडं, मासे, पनीर), मग भाजी, मग जागा उरली तर भात-पोळी. आपल्या ताटाची सुरुवातच भातापासून होते, ती सवय मोडायला मला दोन महिने लागले. घास छोटा, वीस मिनिटं तरी जेवण चालावं, जेवताना पाणी नाही. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने दोन-चार घोट प्या, म्हणजे बलूनवर चिकटलेलं खाली जाईल. नाही तर दुसऱ्या दिवशी कुजकट ढेकर येतात आणि लोकलमध्ये शेजारची बाई मान वळवते. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी.

१०. केव्हा घरी थांबायचं नाही

हे फ्रिजवर लावा. लघवी हिरवी किंवा निळी. पोटात असह्य दुखून ते पाठीकडे जाणं (स्वादुपिंडाची सूज असू शकते). शौच डांबरासारखं काळं, किंवा उलटीत रक्त. पोट टम्म फुगून दम लागणं, कारण बलून क्वचित आपोआप हवेने फुगतो. सगळं सुरळीत झाल्यावर मधेच पुन्हा सततच्या उलट्या. ताप. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, २०१५ मध्ये आताच्या पाण्याच्या बलूनना परवानगी दिली आणि २०१७ मध्ये डॉक्टरांना पत्रं पाठवून बलून आपोआप फुगणं, स्वादुपिंडाची सूज आणि काही मृत्यू यांबद्दल सावध केलं. प्रमाण कमी आहे, पण ‘ऑपरेशन नाही म्हणजे काही होत नाही’ हे खरं नाही. इमर्जन्सीत गेलात तर पहिलं वाक्य ‘पोटात बलून आहे’ हेच बोला.

११. मधले महिने

दुसऱ्या महिन्यापासून मी उपवनला चालायला लागले, तळ्याभोवती आधी एक फेरी, मग तीन. एकदा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बरगडीखाली काहीतरी हळूच सरकलं, पाण्याच्या पिशवीसारखं. तोवर बलून हा रिपोर्टमधला शब्द होता, त्या दिवशी तो वस्तू झाला. डाव्या कुशीवर झोपलं की मला बरं वाटायचं.

चालण्याबरोबर वजन उचलायचा व्यायाम हवा, नाही तर चरबीसोबत स्नायूही उतरतात. मी पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्यांवर भागवलं. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच वेळी. आणि हो, काट्यावर अर्धा किलो बलूनचा आहे हे विसरू नका!

चौथ्या महिन्यात भूक परत डोकावते. लोक इथे म्हणतात, ‘बलून गेला वाटतं.’ गेलेला नसतो. पुढच्या दोन महिन्यांत जे खाल, तेच बलून निघाल्यावर खाणार आहात, म्हणून आहारतज्ज्ञाच्या भेटी आता वाढवा. मी नेमक्या याच वेळी कमी केल्या, सगळं येतं म्हणून.

१२. काढताना आणि काढल्यावर

काढायच्या आधी दोन-तीन दिवस पुन्हा पातळ आहार आणि शेवटचे बारा तास पूर्ण उपाशी, किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तसं. बलूनमुळे जठरात आदल्या दिवशीचं अन्न राहतं, आणि भुलेत ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. ‘थोडासाच मऊ भात खाल्ला’ असेल तर लाजू नका, सांगा आणि तारीख पुढे ढकला. दुर्बिणीतून सुई घालून बलूनला भोक पाडतात, पाणी ओढून घेतात, चिमट्याने धरून तोंडावाटे बाहेर. डॉक्टरांनी मला नंतर स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवला: हिरवट पडलेला, बुळबुळीत, फाटक्या रबरी चपलेसारखा. सहा महिन्यांत मी ७४वर आले होते.

पुढचे दोन-तीन दिवस हलकं खायचं, मग नेहमीचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भूक अशी येते की जणू माहेरी आली आहे. ताट लहानच ठेवा, मी मुलीची शाळेतली स्टीलची ताटली घेतली आणि अजून तीच वापरते. वजनाची वही बंद करू नका. दोन किलो वाढले की आहारतज्ज्ञाला फोन, पाचची वाट बघायची नाही. वाढत राहिलं तर इंजेक्शन, ऑपरेशन किंवा दुसरा बलून याबद्दल डॉक्टरांशी बोलायला उशीर करू नका. आज दीड वर्षाने मी ७७ आहे. बीपीची एक गोळी कमी झाली, दुसरी चालू आहे.

आणि काढायच्या दिवशी बिल भरताना पुढच्या तीन महिन्यांच्या आहारतज्ज्ञाच्या तारखा काउंटरवरच लिहून घ्या. मी ‘दिवाळीनंतर फोन करते’ म्हणाले, आणि केला तो थेट जानेवारीत.